डावखुरा बीनकार

पाणी मी पडद्यावर मारलं होतं. माणसावर न्हाई! हे मी त्या दिवशीबी सांगितलं, आजबी सांगते.

झालं असं... नारायणगडाच्या जत्रेत त्या साली पहिल्यांदाच बायस्कोपचा तंबू आला. रहमतुल्ला शेठचा. तंबूच्या मधोमध पांढराशुभ्र पडदा, एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका. मशीन पुरुषांच्या बाजूला. बायकांना चित्र दिसायचं ते कापडातून आरपार आलेलं. आता कोरड्या कापडातून काय डोंबल दिसणार? म्हणून खेळाच्या आधी पडदा मागून चिंब भिजवायचा. हे काम शेठनं माझ्या आबाला, हरिबा कोळ्याला दिलं होतं. आबा रेड्याच्या पाठीवरच्या पखालीतून पाणी आणायचा आणि मी, त्याची लेक सत्यभामा, तांब्या भरभरून पडद्यावर मारायची. मला सगळे भामा म्हणत. 'नाव ठेवणारानं स्वभाव बघूनच ठेवलंय' असंबी म्हणत, पण ते माझ्या माघारी.

तर पहिलाच दिवस. दिवेलागण व्हायची होती. मी पदर खोचून सपासप पाणी मारतेय. पडद्याची मधली शिवण हातभर उसवलीय, हे मला काय ठावं! चौथा तांब्या गेला, आणि पलीकडून आवाज आला —

"हे दैवी कुमारा! धन्य तुझी माता, धन्य तुझे — अगं आई गं!"

उसवलेल्या शिवणीतून एक तोंड बाहेर आलं. कोवळी मिशी, मिशीवरून टपटप पाणी, आणि मोठे मोठे डोळे... रागानं आणखी मोठे झालेले.

"कोण हाय ते? दिसत न्हाई का?"

"कापडातून कसं दिसंल? मी काय देव हाय?"

"अवो, कोट भिजला माझा! एकच कोट हाय!"

"मग एकुलता एक कोट घालून पडद्याला कावून चिकटलात?"

"तालीम करत होतो. मास्तर हाय मी इथला. खेळ सांगणारा!"

तेव्हा बायस्कोपमधली माणसं मुकी असायची. नुसती तोंडं हलवायची. पडद्याच्या बाजूला एक जण उभा राहून कोण काय बोलतंय ते खड्या आवाजात सांगायचा, त्याला मास्तर म्हणायचे. हा मास्तर पंधरा दिवसांपूर्वीच लागला होता, आणि बायकांना पडद्यामागं बसवायची सोय शेठनं त्यानंतर इथंच पहिल्यांदा केली होती. हे मला मागून कळलं. तेव्हा मी एवढंच म्हणाले —

"खेळ सांगणारानं कोरड्या जागी उभं ऱ्हावं!"

आणि पाचवा तांब्या उचलला. तोंड झटक्यात आत गेलं. मला असं हसू फुटलं, असं हसू फुटलं, की चंद्रभागा आत्यानं येऊन पाठीत धपाटा घातला तरी थांबेना.

खेळाचं नाव 'दैवी बीनकार'. दिवसभर जत्रेत डफ वाजवून एक जण ओरडत होता — हैदराबादेत चाळीस दिवस चाललेला! औरंगाबादेत लोकांनी खांब धरून उभ्यानं बघितलेला! गरिबाघरचं एक पोर. बीनेच्या, म्हंजे वीणेच्या, तारांवर बोट ठेवतं आणि ती वाजायलाच लागते. वाघ डोलतो, राजा डोलतो, 'कुणी शिकवलं?' विचारतो, पोर आभाळाकडं बोट दाखवतं, राजकन्या खिडकीत येते, लगीन, हार-तुरे. पोराची बहीण जन्मभर लोकांचं दळण दळते आणि शेवटी भावाच्या वाड्याच्या दारात उभी राहून डोळे पुसते. संपलं. पुरुषांच्या बाजूला टाळ्या थांबेनात. आमच्या बाजूलाबी बायका नाक ओढत होत्या. आणि मी? मी चिडले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आडावर पाणी शेंदत होते, तर हे मास्तर हजर. खांद्यावर वाळत घातलेला कोट.

"कसा वाटला खेळ?"

"बरा होता."

"बरा?" त्याचा चेहरा असा पडला... "अवो, मोठमोठे जहागीरदार उभं ऱ्हाऊन वाहवा करत होते म्हणं!"

"करू द्या की. मला तर वाटतं, लोकांनी उगाच डोक्यावर घेतलाय."

तो आडाच्या काठावर बसलाच. "काय कमी हाय ते सांगा."

"एक सांगू का धा?"

"एक एक करून सांगा. मला सांजेपतुर काम न्हाई."

मी पोहरा खाली ठेवला. विचारलंच होतं, तर मी कशाला सोडते!

"त्याची बीन ऐकली का तुमी?"

"आं?"

"बीन, बीन! राजा डोलतो, वाघ डोलतो. आमाला ऐकू काय येतं? तुमच्या पेटीवाल्याची भोकं पडलेली पेटी! तो गुणी हाय हे तुमी बोंबलून सांगता, म्हणून आमी मानायचं व्हय?"

त्यानं खांद्यावरचा कोट नुसताच झटकला.

"दुसरं. बोट ठेवलं की वाजली! शिकला कवा? आमच्या आत्यासारखी भाकर गावात कुणाची न्हाई, पण तिनंबी हात पोळून घेतलेत."

"एकेकाला देवाची देणगी असती..."

"असंल. मग तारा कुणी आणल्या, देवानं? ती बहीण जवारी दळदळून तारा आणती. तिचं नाव तरी सांगितलंत का काल?"

"नाव..." तो खाली बघत म्हणाला, "पडद्यावर लिहिलेलंच न्हाई."

"बघा! आन त्यात तो मेला डावखुरा. डाव्या हातानं वाजवतोय, आन राजा विचारत बी न्हाई कावून म्हणून!"

आता मात्र मास्तर ताडकन उठले. "डावखुरा? चांगला उजव्या हातानं वाजवतो तो! रोज बघतो मी!"

"मीबी डोळ्यांनीच बघितला. डावखुरा!"

"उजवा!"

"लावा पैज!"

"लावली! मी हरलो तर?"

"तर भर खेळात विचारायचं, तारा कुणी आणल्या?"

"आन तुमी हरलात तर सगळ्यांदेखत उठून वाहवा म्हणायचं. तीनदा!"

एवढं बोलून त्यानं माझ्या हातातला दोर घेतला आणि भरलेला पोहरा असा सरसर वर ओढला, की एक थेंब सांडला न्हाई. मी बघतच राहिले.

"हात बरा चालतो की, मास्तर."

"पखालीखालीच वाढलोय. आमी आष्टीचे कोळी. नाव उत्तरेश्वर."

"कोळ्याचं पोर, आन पाण्याला भ्यालं?"

"पाण्याला न्हाई..." घागरीत पाणी ओतता ओतता तो हळूच म्हणाला, "मारणारीला."

माझे कान तापले. घागर अर्धीच भरलेली होती, तशीच उचलून मी चालायला लागले. मागं वळून बघायचं न्हाई असं ठरवलं होतं. दोनदा बघितलं.

त्या सांजेला तंबूत मुंगीला शिरायला जागा नव्हती. मी पडदा भिजवून आत्याजवळ बसले, पण जीव थाऱ्यावर कुठला! बीनकारानं पहिल्यांदा बीन हातात घेतली, मास्तरांचा आवाज खणखणला, "पहा, पहा त्या दैवी बोटांची जादू..." आणि आवाज सरकायला लागला. बोलत बोलतच मास्तर पडद्याच्या खांबाला वळसा घालून निघाले होते! बायकांनी भराभर पदर ओढले. "अगं बया, हे कुठं आलं!" मास्तर तोंडानं खेळ सांगतायत, आणि मान वर करून पडद्याकडं बघतायत. बघितलं... आणि बोलणंच थांबलं.

आमच्या बाजूनं बीनकार डाव्या हातानंच वाजवत होता.

त्यानं डोकं वाकवून पलीकडं बघितलं, उजवा. परत अलीकडं, डावा. तेव्हा आम्हा दोघांच्याबी डोक्यात एकदमच उजेड पडला. चोळी उलटी केली की उजवी बाही डावीकडं जाते, तसं पडद्याचं झालं होतं. म्हणजे पैज कुणीच हरलं नव्हतं! मी तोंडात पदर कोंबला. पण तो हसला न्हाई. पडद्यावर बहीण जात्यावर बसली होती आणि माझ्या आजूबाजूच्या बायका "बिचारी गं..." म्हणत होत्या. तो त्या बायकांकडं बघत राहिला. मग माझ्याकडं.

"ओ मास्तर! मुके झालात काय?" पलीकडून पुरुष ओरडायला लागले.

तो झपाझप आपल्या जागी गेला. घसा खाकरला. "मंडळी... एक सवाल हाय. ह्या बीनेच्या तारा आणल्या कुणी?"

पुरुषांची बाजू गप्प. आणि आमची बाजू? आमच्या बाजूनं जो गलका उठला म्हणता! "बहिणीनं! बहिणीनं!" आत्या तर गुडघेदुखी विसरून उभी राहिली. पैज हरला नसताना त्यानं माझा शब्द ठेवला होता. मी काळजावर हात दाबून बसले होते, एवढं ते उड्या मारत होतं.

सकाळी आडाकडं मी जरा लवकरच गेले. केसाला तेल लावून, बरं का. पण तिथं आधीच रहमतुल्ला शेठ आणि उत्तरेश्वर उभे होते. मी पिंपळाआड थांबले.

"किस्सा कायकू बदले मियाँ?" शेठ म्हणत होता. तसा तो माणूस वाईट नव्हता, पण घाबरलेला होता. "अगली लाइन के सब पाटील-देशमुख लोगां खफा हैं. हमारे बीनकार को नीचा दिखाए बोलते. आज आखरी खेल है. जैसा है वैसाच बोलना. नै तो माजलगाव का तंबू तुम्हारे बगैर लगेगा!"

शेठ गेला. मी पुढं झाले.

"माझ्या तोंडामुळं झालं हे," मी म्हणाले. "आज सरळ सांगून टाका. दैवी म्हणा, चमत्कार म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. नोकरी घालवू नका."

"नोकरीचं न्हाई भामाबाई..." तो दोराशी चाळा करत राहिला. "मला एक बहीण हाय. आई गेली तवा मी चार वर्सांचा. तिनं लोकांच्या रानात खुरपून मला शाळेत घातलं. पोराला आवाज हाय, पोर लई गुणी हाय म्हणून सारी आष्टी नावाजायची. मीबी खरं धरलं. निघून आलो... तीन सालं झाली. एकदा गेलो न्हाई, एक कागद धाडला न्हाई. काल ती जात्यावर बसली, तर मला पडद्यावर अक्काच दिसली. आता 'धन्य तो कुमार' म्हणायला जीभ रेटत न्हाई."

मी त्याच्या हातातला दोर काढून घेतला. मला एवढंच कळलं, की हा माणूस आज खोटं बोलला तर त्याला ते आयुष्यभर डाचंल, आणि खरं बोलला तर देशोधडीला लागंल. आणि कसंबी झालं तरी उद्या तंबू उठणार, आणि मी इथंच पाणी शेंदत बसणार. ते मला बिलकूल, बिलकूल नको होतं.

शेवटच्या खेळाला शेठ मास्तरांच्या पायाशीच खुर्ची टाकून बसला. पुढच्या रांगेत आबाबी होता. खेळ सुरू झाला. उत्तरेश्वर बोलत होता, शब्द न् शब्द सरळ, पण आवाजात जीव म्हणून नव्हता. आणि जात्याचा प्रसंग आला तसा तो आवाजबी थांबला.

पेटी थांबली. पडद्यावर बहीण दळतेय, तोंड हलवतेय... आणि सगळा तंबू चिडीचूप.

"बोलो मास्टर!" शेठ दबक्या आवाजात म्हणाला. "बोलो!"

शेठची खुर्ची करकरली.

मी कधी उठले, मलाच आठवत न्हाई. पडद्याजवळ गेले, उसवलेल्या शिवणीला तोंड लावलं आणि बोलले.

"दादा! तारा मी आणल्या. त्याचं मला काय न्हाई. पण राजानं विचारलं, कुणी शिकवलं, तवा तू आभाळाकडं बोट दाखवलंस. माझ्याकडं दाखवलं असतंस, तर झिजलं असतं का रे बोट?"

पुरुषांच्या बाजूला हलकल्लोळ! "पडदा बोलला! बाई बोलली! चित्र बोललं!" एक म्हातारा तर हात जोडून उभाच राहिला. त्या गोंधळातून उत्तरेश्वरचा आवाज आला. तो त्या कुमाराचा आवाज नव्हता. आष्टीचा होता.

"चुकलं अक्का. लई चुकलं माझं."

आमच्याकडच्या बाया हमसून रडायला लागल्या. पलीकडं कुणीतरी मोठ्यानं नाक शिंकरलं, ते शेठ होते असं मागून कळलं. मग परत दरबार आला, बीन आली, आणि खिडकीत राजकन्या आली. मी शिवणीजवळच होते. तोबी सरकत सरकत पलीकडं येऊन उभा राहिला. मधी ओलं कापड.

"राजकन्ये," तो म्हणाला, आणि आता आवाजात असा जीव आला होता! "सारा दरबार वाहवा करतो. तू एकटीच कावून गप?"

"मला बीन ऐकूच आली न्हाई," मी म्हणाले. "तवा बीनेचं काय सांगू? वाजवणारा मातुर..."

"मातुर काय?" हे त्यानं न्हाई विचारलं. तो मघाचा म्हातारा ओरडला. सगळा तंबू हसला.

"वाजवणारा बरा हाय."

"नुसता बरा?"

"बरा म्हंजे... लई बरा."

बायकांनी माझ्या पाठीत बुक्क्या मारल्या. मशीनचं हँडल फिरवणारा इतका गुंगला, की पडद्यावरची राजकन्या गोगलगाईच्या चालीनं चालायला लागली.

"मग ऐक," तो अगदी हळू बोलला, पण तंबू एवढा शांत होता की शेवटच्या रांगेपर्यंत गेलं असणार. "वाहवा करणारे मला लई भेटले. तोंडावर खरं सांगणारं एकच भेटलं. ते मला जन्मभर पायजे. येशील का?"

पलीकडं पहिल्या रांगेत माझा बाप. पडद्यावरची राजकन्या तोंड हलवून केव्हाची बोलतेय, आणि माझंच तोंड उघडेना. आत्यानं चिमटा काढला. "बोल की गं, सटवे! एरवी टकळी थांबत न्हाई तुझी!"

"आधी आष्टीला जा," मी म्हणाले. "बहिणीच्या पाया पड. तिला घेऊन माझ्या आबाकडं ये, आन रीतसर मागणी घाल. राजकन्या काय अशा पडद्याआडून देत न्हाईत कुणी!"

"भामे!!"

ही आबाची हाक. आणि त्यानंतर जो हशा आणि जो टाळ्यांचा कडकडाट झाला, तो हैदराबादेतल्या चाळीस दिवसांत झाला असंल असं मला वाटत न्हाई. बीनकाराचं लगीन कधी लागलं, खेळ कधी संपला, कुणाला पत्ता न्हाई.

तंबूबाहेर आबा कमरेवर हात ठेवून उभा होता. मी मान खाली घातली, जन्मात पहिल्यांदा. उत्तरेश्वर समोर येऊन उभा राहिला. कोट परत भिजला होता.

"पडदा भिजवायला लावली, तर पोरीनं सगळा तंबू भिजवला," आबा म्हणाला. "कुणाचा रं तू?"

"आष्टीच्या सुंदरराव कोळ्याचा. आई-बाप न्हाईत. बहीण हाय."

"हरिबा," मधीच रहमतुल्ला शेठ डोळे पुसत आला, "ऐसा खेल निजाम के मुलुक में किसी ने नै देखा! बोलता पडदा! ये छोकरी को माजलगाव भेजो मेरे साथ!"

"लग्नाआधी माझी पोर वेशीबाहेर जाणार न्हाई शेठ."

"तो फिर लगन करो जल्दी!" शेठ उत्तरेश्वरकडं वळला. "आठ दिन की छुट्टी दिया. जाव, बहेन को लाव."

आबानं उत्तरेश्वरला खालून वर न्याहाळलं. "बहीण आली तर बघू. न्हाई आली, तर हा रस्ता परत धरायचा न्हाई."

तो उजाडायची वाटबी न बघता निघाला. आणि माझे आठ दिवस... कुणा वैऱ्याच्या वाट्याला येऊ नयेत. तीन वर्सं न भेटलेला भाऊ. ती दार उघडंल का? तोंडावर लावून घेतलं तर? मी आडावर जायची आणि रिकामी घागर घेऊन परत यायची. सातवा दिवस गेला. आठवा गेला. नवव्या दिवशी आबा नुसता माझ्या डोक्यावरून हात फिरवून पखाल भरायला गेला. तेव्हा मी रडले.

दहाव्या दिवशी दुपारी अंगणात सावली पडली. दारात एक उंच, काटक बाई. हाताला खुरप्याचे घट्टे, कपाळाला ठसठशीत कुंकू. तिच्या मागं उत्तरेश्वर. दोन दिवस तर अक्का त्याच्याशी बोललीच नव्हती, तिसऱ्या दिवशी एक मुस्काटात देऊन मग पोटाशी धरलं होतं, म्हणून उशीर. हे त्यानं नंतर सांगितलं. तेव्हा तो नुसता माझ्याकडं बघत होता, आणि मी त्याच्याकडं. पाणी द्यायचंसुद्धा सुचलं न्हाई मला. कोळ्याच्या घरात!

अक्कानं माझी हनुवटी वर केली. बराच वेळ बघितलं.

"तूच का ती पडद्यामागची?"

"व्हय अक्का."

"ह्यानं वाटभर तुझंच पुराण लावलं. आता मी एक आधीच सांगते पोरी, मागून फसवलं म्हणायचं न्हाई." तिनं भावाकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू. "माझा भाऊ गुणी हाय. पण लोक म्हणत्यात तेवढा काय न्हाई हां!"

"ठावं हाय अक्का," मी म्हणाले. "मला हाय तेवढाच पायजे."